गावाच्या देखरेखीखाली एकटी

सांगलीच्या आमच्या घरात अकरा माणसं राहतात आणि त्यांतलं एकही हळू बोलत नाही. माझे थोरले काका, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, फोनवर बोलायला लागले की गल्लीच्या टोकाचा वाणी 'ओ' देतो. मी तेविशी गाठली तरी कधी एकटी झोपले नव्हते की एकटी जेवले नव्हते. न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून कोणीतरी विचारतंच, "आत कोण हाय?"

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं की रजा काढून जंगलात जायचं आणि आठवडाभर एकटीनं राहायचं. पाणी आपण शोधायचं, चूल आपण पेटवायची, डोक्यावरचं छप्पर आपण उभारायचं आणि कोणाचाही आवाज ऐकायचा नाही. त्यासाठी मी मुळशीजवळ एका शिबिरालाही जाऊन आले. तिथं काटकीवर काटकी घासून आग काढायला, ताडपत्रीचा आडोसा बांधायला आणि सूर्यावरून दिशा ओळखायला शिकवलं. माझी आग पेटली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणारे सर म्हणाले, "जंगलात माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घबराट." गोंदिया जिल्ह्यातल्या माणसांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "एकटी जाणार? कोणाबरोबर?"

जागा सुचवली प्रगतीनं. ती माझ्याबरोबर रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि मूळची गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीची आहे. बचत गटाच्या कामातून तिच्या आईची दरेकशाकडच्या फुलवंताबाईंशी ओळख होती. दरेकशापासून आत, डोंगराच्या पायथ्याला त्यांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. टोल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण निघताना लोकांनी मला बजावलं, "नाव नोको सांगजो कोनाले. अजून लोक एकटे राहाले येतीन."

गोंदिया

महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्या सांगलीवरून धावते आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाला जाऊन थांबते. मधलं काही सांगत नाही. एका राज्यात इतकी झोप मावते हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

उतरले तेव्हा सकाळ होती. स्टेशनबाहेर पोह्यांची गाडी दिसली. गाडीवाल्यानं पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओतली आणि विचारलं, "सांबार डालूँ क्या?"

पोह्यांवर तर्री आणि तर्रीवर सांबार? मी घाईनं नको म्हटलं. मग शेजारच्या माणसाच्या ताटलीत त्यानं चिमूटभर हिरवीगार कोथिंबीर टाकताना म्हटलं, "लो, सांबार." कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात हे असं कळलं, आणि परत मागायची लाज वाटली म्हणून मी तसेच खाल्ले.

दरेकशाच्या पॅसेंजरला वेळ होता. पाठीवरची पिशवी बघून एक रिक्षावाला जवळ आला.

"किधर जाना है, मॅडम?"

"दरेकसा. जंगल में."

"किसके यहाँ?"

"किसी के यहाँ नहीं. अकेले रहना है."

त्यानं रिक्षा बंद केली, खाली उतरला आणि थोरल्या भावासारखं विचारलं, "घर में झगडा हुआ क्या? नंबर दो, मैं बात करता हूँ पापा से."

त्याची समजूत काढण्यात पॅसेंजरची वेळ झाली.

टोला

दरेकशाचं स्टेशन लहानसं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला साल-सागाचं रान आणि मध्ये रूळ. फुलवंताबाई न्यायला आल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा काटक, पदर कमरेला खोचलेला. चालणं इतकं झपाझप की बोलायचं असेल तर मला पळत बोलावं लागे. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या मला 'बेटा' म्हणायच्या, रागावल्या की 'पोट्टी'.

त्यांच्या घरी मुलगा, सून, दोन नातवंडं, दीर, जाऊ आणि एक बहिरी सासू. म्हणजे मी सांगलीहून निघून पुन्हा सांगलीतच पोचले होते. जेवायला भात आणि लाखोळीची डाळ. आमच्याकडे भात आला की जेवण संपत आलं असं समजायचं. इथं भातानं सुरुवात, भातानंच शेवट, आणि रात्री उरलेल्या भातात पाणी घालून सकाळी त्याचीच बासी. मी भाकरीची चौकशी केली तेव्हा जाऊबाईंनी काळजीनं विचारलं, "तब्येत बरी नाई का?"

तिथल्या जंगलावर गावाचा हक्क आहे, त्यामुळे राहायची परवानगीही गावानं द्यायची. दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर माझ्यासाठी सभा भरली. अध्यक्ष बिसनकाका. पांढरीशुभ्र टोपी, कानात बिडी अडकवलेली, आणि बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची सवय. सगळे त्यांना काकाजी म्हणत.

"घरी भांडन झालं का?" काकाजींनी विचारलं. "भांडन झालं का घरी?"

"नाही."

"लग्न मोडलं?"

"नाही हो."

"सरकारी सर्वे आहे?"

"नाही."

"मंग कायले राहाचं जंगलात?"

"एकटं राहून बघायचंय."

मागून एक म्हातारा उठून म्हणाला, "पन तथी, जंगलात, पाहाले आहे कोन?" आणि खाली बसला. त्याचा मुद्दा बराच वेळ चर्चेला होता.

शेवटी ठराव झाला. नाल्याजवळच्या मोकळ्या जागेत मी एकटी राहायचं. पण मी गावाची पाहुणी. अस्वल आलं, साप निघाला, ताप भरला तर बदनामी गावाची. म्हणून गावातलं एक माणूस पाळीपाळीनं जवळच्या दगडावर बसून राखण करेल. त्यानं मला दिसायचं नाही आणि माझ्याशी बोलायचं नाही. फक्त अधूनमधून हाक मारून मी एकटी आहे ना याची खात्री करायची.

"एकटीच आहे, तर खात्री कसली?" मी विचारलं.

"कोनी येऊन बसलं तर?" काकाजी म्हणाले. "येऊन बसलं तर कोनी?"

राखणीसाठी कोण तयार आहे असं विचारल्यावर सभेतला जवळजवळ प्रत्येक हात वर गेला. दोन सख्ख्या भावांत पहिल्या पाळीवरून बाचाबाची झाली. हे लोक परक्या पोरीची किती काळजी करतात, असं वाटून मला भरून आलं.

नाल्याकाठी

जागा फार सुरेख होती. नाला आटलेला, वाळू पांढरी, काठावर पळस पेटल्यासारखे फुललेले आणि मधोमध एक भलंमोठं मोहाचं झाड. मी ताडपत्रीचा आडोसा बांधला. तो पडला. पुन्हा बांधला. तेव्हा दगडामागून आवाज आला, "एकटी आहेस ना वो?"

"हो!"

"बरं!"

पहिली पाळी काकाजींचीच होती. संध्याकाळच्या आत चूल पेटवायची म्हणून मी पालापाचोळा झाडून खड्डा केला आणि काटक्या घासायला घेतल्या. मुळशीच्या काटक्या वेगळ्या होत्या बहुतेक. हात सोलवटले, घाम डोळ्यांत गेला, पण धूरसुद्धा निघेना.

"माचिस देऊ का?" दगड म्हणाला.

"नको!"

"आहे माझ्यापाशी माचिस. माझ्यापाशी आहे."

"काकाजी, मी एकटी आहे!"

"हो, ते तर मी पाहूनच राहिलो."

त्या दिवशी मी सांगलीचं भडंग खाऊन झोपले.

पहाटे जाग आली ती कुजबुजीनं. डोळे उघडले तर आडोशाभोवती सात-आठ बाया-पुरुष टोपल्या घेऊन चवड्यांवर चालत होते. ते मोहाचं झाड एका कुटुंबाच्या वहिवाटीतलं होतं आणि रात्री गळलेली फुलं वेचायला सगळं घर आलं होतं. माझ्याशी बोलायचं नाही हा ठराव त्यांना माहीत होता, म्हणून ते आपसांत कुजबुजत होते. अख्ख्या घराची कुजबुज ही साध्या बोलण्यापेक्षा मोठी असते. माझ्या ताडपत्रीवरही फुलांचा सडा पडला होता. घरातल्या कर्त्या बाईनं माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, मग ताडपत्रीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावून परवानगी मागितली. मी मान हलवली. माझ्या छपरावरची फुलं वेचून झाल्यावर तिनं मूठभर माझ्या हातावर ठेवली. फूल टपोरं, रसाळ, गोड. इतकं गोड की चौथ्याला मळमळायला लागलं.

दुपारी वानरांची टोळी आली आणि भडंगाची उरलेली पिशवी घेऊन गेली. आईनं त्यातच शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घातली होती. म्होरक्या वानरानं ती फोडून हुंगली आणि फांदीवर बसून एकसारखा शिंकायला लागला. तेव्हा राखणीला त्या दोन भावांतला धाकटा होता, त्याला राहवलं नाही. तो दगडामागून ओरडून मला सगळी हकिगत सांगू लागला, "आता पुसून राहिला नाक! आता बायकोनं घेतली पुडी! तिलेबी आली शिंक!" मी समोरच बसून तेच बघत होते.

फुलवंतामावशींच्या पाळीत तर मला जेवायलाच आलं. त्यांनी डबा वाळूत ठेवला आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "तुह्यासाठी नाई आनला. माझ्यासाठी आनला, जास्त झाला." जाण्याआधी नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा केला, त्यात पाझरलेलं गढूळ पाणी दोनतीनदा उपसून टाकलं आणि मागून आलेलं स्वच्छ पाणी त्या प्यायल्या. असल्या खड्ड्याला झिरा म्हणतात. माझ्याशी अर्थात त्या काहीच बोलल्या नाहीत. हाक मात्र मारली. "एकटी आहेस ना, बेटा?"

"हो, मावशी."

"घाबरू नोको. मी आहे."

डोंगरापलीकडे

असं किती चालणार? आठवड्यात निदान एक दिवस तरी मला कोणाचा आवाज नको होता. एका पहाटे, मोह वेचणारे यायच्या आत आणि दगडावरचा राखणदार घोरत असताना, मी पाण्याची बाटली, चाकू आणि काटक्या घेतल्या आणि डोंगर चढून पलीकडे उतरले.

पहिले काही तास मी इतकी खूश होते की हसत होते. कोणी नाही! मी एका दगडावर बसले, उठले, दुसऱ्यावर बसले. कोणी विचारलं नाही, तू तिथून का उठलीस. ऊन चढलं तेव्हा परत फिरावं म्हटलं. पळसाच्या खुणेनं मी आले होते. परतताना पाहिलं तर सगळीकडे पळसच. सूर्यावरून दिशा बघायला मान वर केली तर सूर्य बरोबर डोक्यावर. सगळ्या दिशांना सारखाच.

मी एक टेकडी चढले, ती चुकीची निघाली. दुसरी चढले, ती पहिलीच होती. बाटली संपली. जिभेला चिकटा आला, कानांत आपलाच ठोका ऐकू यायला लागला. सावलीत बसले तर उठवेना. मग मला खरोखर भीती वाटली. आपण इथे मेलो तर कोणाला कळणार नाही, हे मनात आलं आणि त्याच्या मागोमाग आलं की हेच तर मागायला मी आले होते.

उतार धरून गेलं की नाला लागतो, एवढं साधं डोकं चाललं. लागला. कोरडा ठणठणीत. वळणावर, जिथं काठाला जांभळीची हिरवी झुडपं होती, तिथं मी गुडघे टेकून वाळू उकरायला लागले. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा वाळू ओली लागली. आणखी उकरलं. तळाशी चहाच्या रंगाचं पाणी जमलं. ते उपसून टाकताना जीव तुटत होता, पण टाकलं. मग दुसरं आलं. मी गाईसारखी तोंड खाली घालून प्यायले.

दिवस कलत होता. पुन्हा चुकण्यापेक्षा मी तिथंच, एका कपारीपाशी थांबले. वाळूत खड्डा करून काटक्या घासायला बसले. या वेळी दगड काही बोलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. धूर आला, गेला, पुन्हा आला. मी मोहाच्या सालीचा भुगा आणि सुकं गवत पुढं केलं आणि फुंकत राहिले. पेटलं. मी आजूबाजूला बघितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणून मीच वाजवल्या.

त्या रात्रीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि सांगण्यासारखं त्यात सगळ्यात कमी आहे. मी रात्रभर बोलत होते. ज्या बाईला कोणाचाही आवाज नको होता, तिनं आण्णांच्या आवाजात स्वतःला झापलं, आजीच्या आवाजात स्वतःची बाजू घेतली आणि काकूच्या आवाजात विचारलं की चहा कोण कोण घेणार. अकरा माणसांचं घर मी एकटीनं चालवलं. पण सकाळी डोळे उघडले तेव्हा घसा बसला होता आणि आतलं सगळं बोलून संपलेलं होतं. उजाडून कोवळं ऊन येईपर्यंत मी गप्प बसून राहिले, आत आणि बाहेर. वाळूत पाणी पाझरताना बारीक आवाज होतो, तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

झाडावर

नंतर लांबून आगगाडीचा भोंगा ऐकू आला. मी बाटली भरली आणि आवाजाच्या रोखानं निघाले. दुसरा भोंगा थोडा जवळून आला. मोहाची दोनचार झाडं असलेल्या एका उतारावर पोचले, तर समोरच्या झाडाखाली काळं काहीतरी फुलं खात होतं.

अस्वल. पाठमोरं.

जवळच्या झाडावर मी कशी चढले ते विचारू नका. लहानपणापासून मी स्टुलावरसुद्धा चढत नाही. फांदीला मिठी मारून बसले तेवढ्यात पलीकडच्या झाडावरून हळू आवाज आला.

"हालू नोको."

पानांत पांढरी टोपी होती. बिसनकाका होते.

"काकाजी! तुम्ही इथे?"

"तुलेच शोधून राहिलो. कालपासून पुरं गाव शोधून राहिलं. उजाडता उजाडता मी निघालो अन् हे भेटलं."

"मग आता?"

"बसाचं."

"त्याला झाडावर चढता येत नाही ना?"

"येते तर. माझ्यापेक्षा बरं चढते."

"मग आपण वर कशाला बसलोय?"

काकाजींनी क्षणभर विचार केला. "खाली बसून काय करू?"

अस्वल आवाज करत खात होतं. शोषून घ्यायचं, फुंकायचं, पुन्हा शोषायचं. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीला बसलेल्या माणसाचं जसं इतरांकडे नसतं, तसं. आम्ही कुजबुजत बोलू लागलो.

"तू पळाली कायले?" काकाजी म्हणाले. त्यांनी वाक्य एकदाच म्हटलं, त्यावरून ते रागावले होते हे मला कळलं.

"तुम्ही लोक मला एकटं राहूच देत नव्हता."

"अवो, आमीच तर राहून राहिलो होतो."

"म्हणजे?"

काकाजी फांदीवर जरा सरकले. म्हणाले, घरात तीन मुलगे, तीन सुना, एक टीव्ही. सकाळपासून 'बाबाजी हे कोठी, बाबाजी ते कोठी'. सभेत भांडणं सोडवायची, घरात भांडणं सोडवायची. राखणीच्या दिवशी दगडावर बसलो, तर सकाळपासून दुपारपर्यंत कोणी नाव घेतलं नाही. पानं पडत होती ती बघत होतो. वय झालं, पण असा दिवस आठवत नाही.

"जंगलात तर तुम्ही रोज येता," मी म्हटलं.

"मोह वेचाले येतो, सरपनाले येतो, ढोरं पाहाले येतो. कायच न करता बसलो तर लोक म्हनतीन म्हाताऱ्याले काय झालं. आता विचारलं, तर म्हनता येते, पोरीची राखन करून राहिलो." त्यांनी टोपी सारखी केली. "पुऱ्या गावानं हात कायले वर केले होते, तुले काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही.

"मग ती हाक कशाला मारायचात?" मी विचारलं.

"तू आहेस का गेली ते पाहाले. तू गेली तर पाळी बंद होईन ना."

अस्वलानं डोकं वर केलं. त्यानं माझ्या झाडाकडे बघितलं, मग काकाजींच्या झाडाकडे. नाक हवेत फिरवलं. माझ्या हातांना इतका घाम आला की फांदी निसटायला लागली. मी डोळे मिटले. काकाजी हळूच म्हणाले, "पकड, बेटा. पकड." आधी त्यांनी मला कधी बेटा म्हटलं नव्हतं. किती वेळानं कोण जाणे, पाचोळ्याची करकर लांब गेली.

खाली उतरल्यावर काकाजींचे पाय वळेनात. ओठ पांढरे पडले होते, सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. मी बाटली दिली. त्यांनी गढूळ पाण्याकडे पाहिलं.

"कोठून आनलं?"

"झिरा केला."

"कोनी करून देला?"

"कोणीच नाही."

ते सगळं पाणी प्यायले, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही चालायला लागलो. गावापर्यंत काकाजी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. फार छान चाललो आम्ही.

पुन्हा सभा

फुलवंतामावशींनी मला आधी मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला, मग "पोट्टी!" असं ओरडून भात वाढला. मी जेवत असतानाच सभा भरली. मला वाटलं, आता संध्याकाळच्या गाडीनं सांगली.

लोक चिडलेले होते आणि त्यांचं बरोबर होतं. मोहाच्या ऐन दिवसांत सगळ्यांचा दिवस गेला होता, एकाच्या पायात काटा मोडला होता. मी उभी राहून हात जोडले. काकाजी म्हणाले, "पोरीनं एकटं राहाचं म्हनलं होतं. राहिली. तिचं काम झालं, आता घरी जाईन. राखन बंद."

राखण बंद म्हटल्यावर सभेत जी चुळबुळ सुरू झाली, ती मी पळून गेल्याबद्दलच्या रागापेक्षा मोठी होती. दोन भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. थोरल्याची पाळी उद्याची होती.

फुलवंतामावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या. "मले राहाचं आहे," म्हणाल्या.

"कोठी?" त्यांचा मुलगा दचकला.

"नाल्यापाशी. एक दिवस. एकटं."

"माय, काय झालं? कोनी काय म्हनलं का तुले?"

"कोनी काय नाई म्हनलं. राहाचं आहे."

मुलगा काकाजींकडे बघत होता, काकाजी छताकडे. शेवटी काकाजींनी खाकरून विचारलं, "राखन कोन करन मंग? कोन करन राखन?"

मावशींनी माझ्याकडे हात केला. "हे पोट्टी करन. हिले समजते."

म्हणून मी रजा एक दिवस वाढवली. घरी फोन केला तर आण्णांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे आता तू त्यांना राखतीयास? आणि तुला कोण राखतंय?" मी म्हटलं, कोणी नाही. पलीकडे अकरा माणसांच्या घरात पहिल्यांदाच कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या ताडपत्रीखाली गेल्या आणि मी दगडामागे बसले. मला वाटलं होतं त्या चूल पेटवतील, मोह वेचतील, निदान फिरून तरी बघतील. त्यांनी पदर डोक्याखाली घेतला, कुशीवर वळल्या आणि झोपल्या. नंतर त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं की लग्न होऊन आल्यापासून फुलवंताला दिवसा झोपलेलं कोणी बघितलेलं नाही.

मी हाक मारली नाही. मोहाच्या झाडावर वानरं आली, त्यांना हातवारे करून घालवलं. ऊन सरकलं तसं ताडपत्रीचं एक टोक मी लांब काठीनं ओढून त्यांच्या तोंडावर सावली केली.

दुपारी सून आली, धापा टाकत, कडेवर पोर. घरात पाहुणे आले होते आणि तांदळाच्या कोठीची किल्ली मिळत नव्हती. ती थेट ताडपत्रीकडे निघाली. मी वाटेत आडवी आले.

"मायले विचाराचं आहे," ती म्हणाली.

"त्या नाहीत."

तिनं माझ्या खांद्यावरून पाहिलं. "अवो, दिसून तर राहिल्या."

"दिसतात," मी म्हटलं. "पण नाहीत."

सून सासूकडे बघत उभी राहिली. मग तिनं पोराला वाळूत सोडलं, दगडावर माझ्या शेजारी जागा केली आणि पाय पसरून बसली. पाहुण्यांचं काय, असं मी विचारणार होते. तिनं तोंडावर बोट ठेवलं.